न जाळलेल्या चिठ्ठ्या

पुंडलिक,

ही गोष्ट सांगायचं मी साठ वर्षं टाळलं. विसरलो होतो म्हणून नाही. सांगायची वेळ आली की मी पाणी प्यायला उठायचो, नाहीतर कापसाच्या भावाचं काढायचो. परवा तुझ्या तेरवीला शोभानं माझ्या हातात माईक दिला. म्हणाली, "काका, तुमीच बोला. बाबाचे सगळ्यात जुने दोस्त तुमीच." मी बोललो. तुझं धाडस सांगितलं, तुझं वाचनालय सांगितलं, तुझ्या तुटक्या बोटांचं सांगितलं. बायांनी पदर डोळ्यांना लावले. मी खाली बसलो. पानात वाढलेलं तसंच राहिलं आणि तुझ्या फोटोकडे मला मान वर करून पाहता आलं नाही.

शोभा वाचनालयातर्फे तुझ्यावर एक छोटी पुस्तिका काढते आहे. तिनं माझ्याकडे काही पानं मागितली. ही ती पानं. छापायची की नाही, ते तिनं ठरवावं, पण वाचावीत. एक प्रत मी तुझ्या चुलतभावाच्या, शेषरावच्या मुलाला टपालानं पाठवणार आहे. त्याचा पत्ता मिळवायला मला एक दिवस लागला. साठ वर्षांत तो एक दिवस मला मिळाला नव्हता.

तेव्हा महाराष्ट्र राज्य नवं होतं. पंचायत समित्या नव्या होत्या, आणि आपण दोघं बावीस-तेवीसचे होतो. ग्रामपंचायतीनं चावडीला लागून असलेली खोली तरुणांच्या मंडळाला दिली. खोलीत पंचायतीचा रेडिओ, एक कंदील, व्यायामाचे दोन मुद्गल आणि एका पेटीत पुस्तकं. पंचायत समितीचे समाजशिक्षणाचे साहेब महिन्यातून एकदा सायकलवर येत आणि मंडळाचं काम पाहून जात. गावात सातवी झालेला मी एकटा, म्हणून संध्याकाळी प्रौढांचा वर्ग मी घ्यायचा असं ठरलं. पहिल्या आठवड्यात पाच जण आले. तू दारोदार फिरलास आणि बत्तीस केलेस. सगळे मत द्यायच्या वयाचे, सगळे अंगठेबहाद्दर.

तू मळ्यातून थेट यायचास. वांग्याच्या काट्यांनी बोटं ओरखडलेली असायची. पेन्सिल तू मुठीत धरायचास.

"अबे, पेन्सिल धरतं का विळा धरतं?" मी म्हणायचो.

"विळा कापते तरी, मास्तर. हे तुही पेन्सिल काय कापते?"

सगळे हसायचे. मला मास्तर म्हणायची सुरुवात तूच थट्टेत केलीस आणि मला ती थट्टा फार आवडली. आज कबूल करतो, मला त्या शब्दाचा माज चढला होता.

आपलं भांडण मात्र पहिल्या दिवसापासून एकच होतं. बापूसाहेब गावचे सरपंच. आधी पाटीलकी त्यांच्या घरात, मग सरपंचपदही. निवडणूक कधी व्हायचीच नाही. देवळाच्या पारावर चार जण बसायचे, बेलभंडारा उचलायचे, आणि सगळं बिनविरोध. खोली त्यांनीच दिलेली. ते म्हणायचे, "पोट्ट्याइले खेळू द्या. खेळण्यात राह्यले म्हणजे बोलत नाईत." मी तुला सांगायचो, आधी नीट शिकू, मग मागू. तू उसळायचास. "खोली देल्ली म्हणजे उपकार केले का बे? पंचायत काय त्याइच्या घरची हाये? मंडळाची दोन पोरं पंचायतीत बसली पाह्यजेत, तं हे शिकणं कामाचं. नाई तं हे रेडिओ ऐकणंच झालं." मी म्हणायचो, घाई नको. तू म्हणायचास, "तुले घाई नाई, कारण तुले कोनी अरे म्हणत नाई. तू मास्तर हायेस."

हे भांडण मिटलं नाही. आता मिटवायला तू नाहीस. तुझं बरोबर होतं.

पंचायतीच्या निवडणुकीला महिनाभर उरला असताना साहेबांनी मतदानाचा सराव घ्यायचं ठरवलं. तरुणांना मत कसं द्यायचं ते कळावं, भीती जावी, म्हणून. साहेबांनी चित्रं छापलेले कागद आणले होते. नांगर, छत्री, कंदील. ज्याला मत द्यायचं त्याच्या चित्रावर फुली मारायची. अर्धा तास त्यांनी गुप्त मतदान समजावलं. तुमचं मत तुमच्या बायकोलाही कळता कामा नये, म्हणाले. तेव्हा किसना उठून म्हणाला, "बायकोले नाई सांगतलं तं जेवाले कोन देईन, साहेब?" खोली हसून हसून दुमदुमली. साहेबांचंही पोट हललं.

मग तू उभा राहिलास. "साहेब, सहा महिने पाटी घासली आमी. चित्रावर फुली कायले मारू? नाव लिहू."

"हाव, लिहू!" बत्तीसच्या बत्तीस ओरडले.

साहेबांना फार आनंद झाला. ते म्हणाले, "चालेल. आपापल्या मनातला सरपंच लिहा. कोणाचंही नाव." वहीची पानं फाडून मी बत्तीस चौकोन केले. एकेक जण कोपऱ्यात जायचा, भिंतीकडे तोंड करून लिहायचा, घडी घालून डब्यात टाकायचा. किसनाला तर घाम फुटला होता. आपल्यापैकी कोणाच्या मनात आलं नाही, साहेबांच्याही नाही, की ही बत्तीस माणसं जन्मात फक्त एकाच माणसाच्या डोळ्यांसमोर लिहीत आली होती. किसना इतका दाबून लिहायचा की कागद फाटायचा. शेषरावची अक्षरं ओळीवरून खाली घसरत जायची. तू आधी आडवी रेघ ओढायचास आणि मग तिला अक्षरं टांगायचास, दोरीवर धोतरं टांगल्यासारखी. मला पाहायचीही गरज नव्हती. चिठ्ठी चाचपडली तरी मी नाव सांगितलं असतं.

मी मोजलं. बापूसाहेबांना अकरा, इकडेतिकडे चार, आणि तुला सतरा.

खोलीत सगळे एकमेकांकडे पाहत राहिले, जणू घरात अचानक पाहुणा आला आहे. तू लाल झालास आणि बाहेर निघून गेलास. त्या दिवशीपर्यंत तुझ्या डोक्यात स्वतः उभं राहायचं नव्हतं, हे मला माहीत आहे. सतरा जणांनी ते तुझ्या डोक्यात घातलं.

साहेब निघताना मला म्हणाले, "चिठ्ठ्या सगळ्यांसमोर जाळून टाका." मी खोलीच्या दारात आग केली. सगळे भोवती उभे होते. मी जे जाळलं ते वर्गातले सरावाचे जुने कागद होते. चिठ्ठ्या माझ्या सदऱ्याच्या आत होत्या. का ठेवल्या म्हणशील. त्यात कपट नव्हतं, आधी तरी नव्हतं. सहा महिन्यांपूर्वी अंगठा लावणारी बत्तीस माणसं, आणि प्रत्येकानं आपल्या हातानं एक अख्खं नाव लिहिलेलं. ती माझी कमाई होती. ग्रामसेवकाच्या जागेसाठी मी अर्ज करणार होतो, त्याला जोडायचा विचार होता. ते कागद मला जाळवले नाहीत.

तिसऱ्या दिवशी दुपारी बापूसाहेबांनी मला बोलावलं. धमकावलं असं मी आजवर मनाशी म्हणत आलो. खोटं आहे ते. त्यांनी मला खुर्ची दिली. त्या घरात खुर्चीवर बसायची ती माझी पहिली वेळ. कपबशीतून चहा आला. त्यांनी वर्गाची विचारपूस केली, गावातल्या पोरांना माणसं केलीस म्हणाले. मग हसत म्हणाले, "मास्तर, एक गंमत इचारू? इतके तुह्या हातचे पोरं. अक्षर वळखत असशीन तू त्याइचं."

"डोळे बांधून वळखतो," मी म्हणालो.

"काई तरीच. असं कोनाचं अक्षर कोनाले वळखू येते?"

आणि मी सदऱ्यातून चिठ्ठ्या काढल्या, पुंडलिक. मी दाखवायला काढल्या. जादूगार पानं पसरतो तशा मी त्यांच्या बैठकीवर चिठ्ठ्या पसरल्या आणि बोट ठेवत गेलो. हा किसना. हा रामा. हे दोघे भाऊ, धाकट्याचं थोरल्यासारखंच, पण धाकटा पेन्सिल उचलत नाही. बापूसाहेब "वा, वा" करत होते. त्यांचे दिवाणजी मागे उभे होते. ते लिहून घेत आहेत हे मला अर्ध्यावर दिसलं. मी थांबलो नाही. थांबलो असतो तर मला कळलं आहे हे त्यांना कळलं असतं, आणि मग मला काहीतरी करावं लागलं असतं. म्हणून मी हसत हसत पुढे गेलो.

तुझी चिठ्ठी आली. तिच्यावर बापूसाहेबांचं नाव होतं. स्वतःला मत द्यायची तुला लाज वाटली होती.

बापूसाहेबांनी ती बराच वेळ हातात धरली. आता ते हसत नव्हते. म्हणाले, "स्वताले मत देत नाई हा. म्हणजे हा माणूस खतरनाक हाये."

शेवटच्या दोन-तीन चिठ्ठ्यांत शेषरावची होती. तुझा चुलतभाऊ बापूसाहेबांकडे सालदार होता. वर्षाचं धान्य, राहायची जागा, बायकोचं बाळंतपण, सगळं त्याच घरावर. त्यानं तुझं नाव लिहिलं होतं, ओळ सोडून खाली घसरणाऱ्या अक्षरांत. तेवढ्यापुरती मला माणुसकी आठवली. मी म्हणालो, "हे नाई लागत ध्यानात. कोनीतरी दुसऱ्याकडून लिहून घेतलं असन." आणि चिठ्ठी चुरगाळली. त्या दुपारी मी केलेलं चांगलं काम एवढंच. त्यानंच शेषरावचा घात केला.

उठताना बापूसाहेब म्हणाले, ग्रामसेवकाच्या अर्जाचं मी पाहतो.

पुढचे आठ दिवस तुला माहीत आहेत. पण शोभाला आणि आज गावात असलेल्या पोरांना माहीत नाहीत, म्हणून लिहितो. पहिल्या दिवशी भरदुपारी किसनाची कडब्याची गंजी पेटली. तो विझवायला धावला तेव्हा कोणीतरी मागून त्याच्या पाठीत काठी घातली आणि तो जळत्या कडब्यावर तोंडावर पडला. त्याच्या गालाची कातडी शेवटपर्यंत मेणासारखी होती. दुसऱ्या दिवशी ते दोघे भाऊ नांदुऱ्याच्या जिनात कापूस घालून परत येत होते. त्यांना गाडीतून ओढून गुडघ्यांवर मारलं, एकाला मारताना दुसऱ्याला पाहायला लावलं. रामाच्या बायकोला विहिरीवर केसांना धरून फिरवलं. कोणाची बैलजोडी गेली, कोणाचा दात गेला, कोणाच्या म्हाताऱ्या बापाला ओट्यावरून ढकललं. आज हा, उद्या तो. मंडळाची खोलीही फोडली. पुस्तकं चिखलात तुडवली. मला दोन थोबाडीत बसल्या, सगळ्या गावासमोर. मारणाऱ्यानं हात जरा हलकाच ठेवला होता. ते मला एकट्यालाच कळलं. त्या दोन थोबाडीत मिळाल्या म्हणून माझ्याकडे कधी कोणी बोट दाखवलं नाही.

पोलीस पाटील बापूसाहेबांचा मेहुणा. कोणाची तक्रार लिहून घेतली गेली नाही.

तू तरीही उमेदवारीचा अर्ज भरायचा म्हणत होतास. शेवटच्या दिवशी सकाळी तू मळ्यात गेलास, तर कोणीतरी वांग्यात आणि मिरचीत बैल सोडलेले. तू त्यांना हाकलायला धावलास आणि चौघांनी तुला धरलं. दुपट्ट्यानं तोंडं बांधलेली. हे सगळं तू मला गाडीत सांगितलंस, नांदुऱ्याच्या दवाखान्यात नेताना. तुझं डोकं माझ्या मांडीवर होतं. एकानं विचारलं होतं, "लिवाचा हात कोन्ता बे?" तू त्याच्या तोंडावर थुंकलास. त्यांनी तुझा उजवा हात विहिरीच्या काठावरच्या दगडावर ठेवला आणि कुऱ्हाडीच्या तुंब्यानं, मागच्या बोथट बाजूनं, ठेचला. एकदा. मग बोटं पुन्हा सरळ करून दुसऱ्यांदा. मग तिसऱ्यांदा. धोतराच्या फडक्यात गुंडाळलेला तो हात गाडीच्या प्रत्येक धक्क्याला उडत होता आणि फडक्यातून रक्त माझ्या पायावर ठिबकत होतं. तू दात चावून मला विचारलंस, "दत्त्या, त्याइले कसं समजलं बे? सोळाच्या सोळा. एकबी चुकीचा नाई."

मी म्हणालो, "बोलू नोको. थकशीन."

डॉक्टरांनी तीन बोटं काढली. शुद्धीवर आल्यावर तुझा पहिला शब्द काय होता, ते मी परवा माईकवर सांगितलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. "अर्ज आणा. अंगठा तं हाये ना." पण तोवर वेळ संपली होती आणि अर्जावर सूचक म्हणून सही करायला एकही माणूस उरला नव्हता. निवडणूक बिनविरोध झाली. आपल्या फुटक्या खोलीवरून गुलाल उधळत मिरवणूक गेली.

यानंतरचं मी परवा सांगितलं नाही. गावात म्हातारी माणसं अजून ते सांगतात, आणि चुकीचं सांगतात.

बाजाराचा दिवस होता. सूर्य डोक्यावर होता. तू दवाखान्यातून परत आलास, हात गळ्यात बांधलेला, आणि मार खाल्लेले सगळे मंडळाच्या खोलीत जमले. चिठ्ठ्या तर सर्वांदेखत जळाल्या होत्या, म्हणजे चिठ्ठ्यांवरून कोणाला कळणं शक्य नव्हतं. सरावानंतरच्या दिवसांत तुझ्या मळ्यात बसून सतरा जणांनी एकमेकांना छाती ठोकून सांगितलं होतं की आपण कोणाचं नाव लिहिलं. म्हणजे सांगणारा या सतरातला. कोण मार खायचा राहिला, ते मोजलं. मोजायला वेळ लागला नाही. एकच राहिला होता, आणि तो बापूसाहेबांचा सालदार होता.

शेषराव दारात उभा होता. त्याला बिचाऱ्याला वाटलं होतं तुझी विचारपूस करायला यावं. हातात तुझ्यासाठी केळी होती.

"तुह्यावर काऊन नाई आले बे ते?" तू विचारलंस.

"मले काय मालूम, भाऊ?"

"सोळा घरं फोडली. तुह्यं घर त्याइच्या वाड्याले लागून हाये. काऊन नाई आले?"

"तुह्या गळ्याची आन, म्या काई नाई सांगतलं."

"माह्या गळ्याची आन घेतं?"

तू पुढे झालास. किसनानं शेषरावचा एक हात पिरगाळून धरला. दुसरा हात मी धरला. पुंडलिक, दुसरा हात मी धरला होता. तुला आठवत असेल की कोणीतरी धरला होता, तो मी. तुला डाव्या हातानं मारायची सवय नव्हती, पहिले दोन ठोसे हुकले. त्यामुळे तू अजून चिडलास. कोनाड्यातली दगडी पाटी उचललीस आणि तिच्या कडेनं त्याच्या तोंडावर मारलंस. नाक फुटलं. तो मला म्हणाला, "मास्तर, तुमी सांगा न. तुमीच मोजलं न सगळं." त्याच्या आवाजात शंका नव्हती. खरं सांगेल असा माणूस म्हणून त्यानं माझ्याकडे पाहिलं. मी त्याचा हात आणखी घट्ट धरला. दुसऱ्यांदा पाटी डोळ्यावर बसली आणि फुटली. तिचा एक तुकडा आत राहिला. तो ओरडला नाही. त्याच्या घशातून एक आवाज आला, जनावराचा येतो तसा, आणि त्याचा हात माझ्या हातात एकदम सैल पडला. कोणीतरी त्याला लाथेनं बाहेर लोटलं. त्याच्या पाठीमागे केळीही फेकली. तू हाफत भिंतीला टेकलास आणि रडायला लागलास. मी तुला पाणी दिलं.

आठवड्याभरात तो बायको आणि तान्ही पोर घेऊन देऊळगाव राजाला गेला. तिथं त्याचं सासर होतं. एक डोळा गेलाच होता. बस स्टँडवर हमाली केली, म्हणतात.

मला तीन महिन्यांनी ग्रामसेवकाचा हुकूम आला.

तीस वर्षं मी नोकरी केली. सात गावांत तरुणांची मंडळं काढली, वाचनालयं काढली, प्रत्येक निवडणुकीआधी पोरांना समोर बसवून मत गुप्त असतं म्हणून शिकवलं. पोरं मन लावून ऐकायची. त्या कामात मी खोटा नव्हतो, एवढं तू मान. पण संध्याकाळी घरी आल्यावर मी हात धुवायचो ते उगाच फार वेळ धुवायचो. बायको विचारायची, काय लागलं हाताला?

तू गावात राहिलास. डाव्या हातानं लिहायला शिकलास. पुढे बापूसाहेब थकले, आणि तू पंचायतीत निवडून आलास, रीतसर मतपेटीतून. तीच फुटकी खोली पुन्हा उभी केलीस आणि तिच्यात वाचनालय सुरू केलंस. पंचायतीच्या ठरावानं गावातल्या पोरांना शिवणयंत्रं आणलीस, पोलीसभरतीच्या तयारीला मैदान दिलंस. मतदानाच्या दिवशी शाळेपासून दूर लिंबाखाली उभा राहून म्हाताऱ्या बायांना सांगायचास, "वैनी, आत कोनी पाहत नाई. तुमी अन् देव." एकदा मीही तिथं होतो. मला उलटी आली आणि तू म्हणालास, "ऊन लागलं तुले."

निवृत्तीनंतर तूच मला परत आणलंस. तुझ्या घराशेजारची जागा दिलीस. माझी बायको गेली तेव्हा नऊ दिवस तू माझ्या ओसरीवर झोपलास. सकाळी दोन बोटांत कप धरून चहा आणायचास, अर्धा वाटेत सांडायचास, आणि म्हणायचास, "पे. इतकाच उरला." तुझ्याइतकं कोणी मला जपलं नाही. हे मी आनंदानं लिहायला पाहिजे, आणि हेच लिहिताना मला माझी सर्वांत जास्त किळस येते. तू जपत होतास तो माणूस कोण आहे, ते तुला माहीत नव्हतं.

एकदा तू दार उघडून दिलं होतंस. वाचनालयाच्या पायरीवर बसलो होतो. तू म्हणालास, "शेषा जित्ता हाये म्हणते. थकला म्हणते. जाऊन याव का बे?"

मी म्हणालो, "आता काय जातं. जुनं झालं."

तू पायरीवरची वाळकी पानं बाजूला सारलीस. मग माझ्याकडे न पाहता विचारलंस, "दत्त्या, तुले खरंच वाटते का, त्यानंच सांगतलं असन?"

त्या वेळी बापूसाहेब मेले होते. दिवाणजी मेले होते. माझं पेन्शन सुरू होतं. मला कोणाचीही भीती उरलेली नव्हती, फक्त तुझी होती. मी म्हणालो, "नाई तं कोन?"

"हाव," तू म्हणालास. "नाई तं कोन."

तू गेला नाहीस. पुढच्या उन्हाळ्यात शेषराव वारल्याचा निरोप आला. त्या दिवशी तू वाचनालयाचं दार आतून लावून घेतलंस आणि दिवसभर उघडलं नाहीस. मी बाहेर दोनदा येऊन उभा राहिलो. दार वाजवलं नाही.

पहिल्या वेळी मी पोरगा होतो, माजलेलो होतो. त्या पायरीवर मी म्हातारा होतो आणि मला सगळं कळत होतं. म्हणून मला विचारशील तर दुसरा गुन्हा मोठा. तो नसता तर दोन म्हातारे भाऊ एकदा एकमेकांना भेटले असते. एक दोन बोटांचा, एक एका डोळ्याचा. तू त्याच्या पाया पडला असतास, मला खात्री आहे. तुझ्यात ते होतं.

बुलढाण्याच्या दवाखान्यात मी तुला सांगायलाच आलो होतो. शोभा चहा आणायला खाली गेली. तू जागा होतास. मी खुर्ची जवळ ओढली आणि म्हणालो, "पुंडलिक, ते चिठ्ठ्याचं..." तू डोळे मिटलेस. म्हणालास, "राहू दे बे. पानी दे." मी पाणी दिलं. तुला कळलं होतं का? त्या दिवसापासून रोज मी स्वतःला सांगू पाहतो की तुला सगळं माहीत होतं आणि तू मला सोडलंस. पण तसं मानायचा मला अधिकार नाही. तू तहानलेला होतास, एवढंच मला माहीत आहे. शोभा आली, आणि मी नांदुऱ्याच्या गाडीची वेळ झाली म्हणून उठलो. गाडीला दीड तास होता.

जे त्या खुर्चीत बसून बोलायचं होतं ते हे.

पुंडलिक, शेषरावनं नाई सांगतलं. म्या सांगतलं. चिठ्ठ्या जळाल्या नव्हत्या, माह्याजवळ होत्या. किसनाचं तोंड, रामाची बायको, तुही बोटं, हे सारं माह्यामुळं झालं. शेषाचा हात म्या धरला होता, अन् तो निर्दोष हाये हे त्या खोलीत फक्त मले मालूम होतं. तुले भाऊ मारायले म्या लावलं, अन् भेटायले जाऊ म्हणला तं म्याच थांबवलं. तू मले दोस्त समजून राह्यला, म्या समजू देल्लं. माह्यं चुकलं, पुंडलिक. मले माफ कर. तुह्यानं होत नसन तं नोको करू. पण तिकडं शेषाची माफी माग, अन् त्याले सांग, मास्तरनं कबूल केलं.